कोरड्या बोअरची नोंद

मे महिन्याच्या रात्री अंगणात बाज टाकून पडलं, की आमच्या जालना जिल्ह्यात एक आवाज हमखास कानावर येतो. बोअरच्या गाडीचा. कोस-दीड कोसावर कुणाच्या तरी शेतात गाडी लागलेली असते. जाणती माणसं पडल्या पडल्या आवाजावरून सांगतात, 'मुरूम सरला, आता पाषाण लागला.' पहाटे आवाज थांबतो आणि सकाळी गावात एकच प्रश्न असतो, 'किती इंच?' पाणी लागलं असेल तर चहा होतो, नारळ फुटतो. लागलं नसेल तर त्या भोकावर एक धोंडा ठेवला जातो, आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढत नाही.

आज मला त्या धोंड्याखालच्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. मी काही भूगर्भशास्त्रज्ञ नाही. बी.ए. झालो, जालन्यात छापखान्यात प्रूफं तपासली, कविता लिहिल्या. गावात मला 'शायर' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही. पण प्रूफं तपासणाऱ्याला एक खोड लागते. छापलेलं वाचण्याआधी काय सुटलं आहे, तेच त्याला दिसतं. आमच्या जमिनीच्या बाबतीत काय लिहायचं सुटलं होतं, ते मात्र मला फार उशिरा दिसलं.

२०१२चा पावसाळा आमच्याकडे जवळजवळ कोरडाच गेला. २०१३च्या उन्हाळ्यात जालना शहराला पाणी देणारा निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आटला. अंबड, घनसावंगी, बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमच्या भाईजानची बागही त्यातच होती. बापासारखी झाडं सांभाळलेली. टँकरनं पाणी घालून घालून माणूस थकला. मग त्यानं बोअर घेतला. अडीचशे फूट गेला, नुसता फफुटा. दुसरा चारशे फूट, फफुटा. भाभीच्या अंगावरचं मोडलं आणि तिसरा सहाशेपर्यंत नेला. त्यातून निघाली ती राखेसारखी पूड, आणि गाडीवाल्याचं बिल. जूनमध्ये भाईजाननं कुऱ्हाड घेतली आणि बाग तोडली. मी मदतीला गेलो होतो. चार दिवस दोघं भाऊ एकमेकांशी बोललो नाही.

पुढं दोन वर्षांनी शेजारचे तात्या बांधावर बसले होते. वय झालेलं, माळकरी माणूस. तंबाखू मळता मळता मला म्हणाले, "शायर, एक सांगू का? तुमच्या भावानं तिसरा बोअर घेतला ना, तिथून ईस पावलांवर, बांधाच्या अलीकडं, म्या घेतला व्हता. लई साल झाली. तीनशे फूट. थेंब न्हाई."

मी म्हटलं, "तात्या, मग तेव्हाच का नाही बोललात?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन पोरींची लग्नं राहिली व्हती. कोरड्या बोअरच्या घरात कोण सोयरीक करतं? सोसायटीत पत राहिली पाहिजे. धोंडा ठेवला, वर कडबा रचला."

मला राग आला होता, तो तिथंच विरला. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी तात्यांना नव्हती. भाईजाननंही आपल्या दुसऱ्या बोअरबद्दल सावकाराला 'एक इंच लागलंय' असंच सांगितलं होतं. मी तेव्हा शेजारी उभा होतो आणि मी मान हलवली होती. आमचे अब्बा दखनीत म्हणायचे, 'जमीन झूट नई बोलती.' खरं आहे. खोटं आम्ही बोललो.

आता तुम्ही म्हणाल, हा एका शिवारातला घरगुती मामला झाला. यात इतिहास कुठं आला? तर इतिहास इथंच आहे. आपल्या पायाखाली काय आहे, हे कुणी पाहिलं, कुणी लिहिलं, आणि ते लिहिलेलं कुणाच्या कपाटात गेलं, याचा हा इतिहास आहे.

आमची जमीन म्हणजे लाव्ह्याचे थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार तयार झालं. हे थर एकसारखे नाहीत. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. कुठे पांढऱ्या ठिपक्यांचा ठिसूळ दगड, ज्याला कुणी मांजऱ्या म्हणतं. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडा गेरू, जो ओला झाला की ढासळतो. पाणी राहतं ते थराच्या झिजलेल्या माथ्यात आणि दगडाच्या भेगांत. अखंड पाषाणात ते राहत नाही. म्हणून एका बोअरला तीन इंच पाणी आणि पन्नास फुटांवर दुसरा ठणठणीत, असं आमच्याकडे सर्रास होतं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. तात्यांचा कोरडा बोअर माहीत असता तर भाईजानचा वाचलाच असता, असं मी म्हणू शकत नाही. एक भोक फार थोडं सांगतं. पण शिवारातली चाळीस भोकं एकत्र मांडली, की गेरू किती खोलीवर आहे, तो कुठल्या बाजूला कललाय, भेगांची ओळ कुठून जाते, हे दिसायला लागतं. एकेक अक्षर वाचून काही कळत नाही. ओळ जुळली की कळतं. छापखान्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पूर्वी ही ओळ माणसांच्या डोक्यात असायची. विहिरी खोदणाऱ्या वडारांना दगडाच्या आवाजावरून पुढचा थर कळायचा. पाणाड्या हातात ओली काटकी किंवा तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरायचा. तिथं श्रद्धा किती आणि पिढीजात निरीक्षण किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण ते ज्ञान माणसाबरोबर जायचं. कागदावर उतरायचं नाही.

कागद आला तो सरकारांबरोबर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली सुरू झालं ते मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी. आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात भूशास्त्रीय सर्वेक्षणाचं खातं होतं आणि विहिरी खोदण्याचंही स्वतंत्र खातं होतं. म्हणजे राजाला कळत होतं, की या पठारावर राज्य करायचं तर दगडाखालचं पाणी मोजलं पाहिजे.

मग जालन्याच्या नावाची एक गोष्ट घडली, जी जालन्यातच फार कमी लोकांना माहीत आहे. १९६०च्या दशकात दुष्काळाच्या कामात उतरलेल्या इथल्या स्कॉटिश मिशननं दगडात बोअर घ्यायला सुरुवात केली. हवेच्या दाबावर हातोडा चालवणारी यंत्रं तेव्हा नुकतीच या देशात येत होती. बोअर झाले, पण त्यावर बसवलेले बिडाचे हातपंप टिकेनात. घरगुती वापरासाठी केलेला पंप, त्यावर अख्खं गाव दिवसभर जोर काढणार! म्हणून इथं पोलादी हातपंप तयार झाला. त्याला 'जालना पंप' असंच नाव पडलं. त्यात सुधारणा होऊन 'सोलापूर पंप' झाला, आणि त्याच्या आधारानं, युनिसेफच्या मदतीनं, १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला. तो पुढं भारतभर आणि आफ्रिकेतल्या देशांतही पोचला. गावच्या चौकात ज्या दांड्याला आपण लहानपणी लोंबकळलो, त्याच्या वंशावळीत आमच्या जालन्याचं नाव आहे.

मला याचा अभिमान वाटतो, आणि एक खंतही. जमिनीवरच्या पंपाचं सगळं नीट ठरलं. दांडा किती लांब, साखळी कशी, नळी किती जाड; एकच नमुना, एकच माप. त्यामुळं एका गावचा सुटा भाग दुसऱ्या गावच्या पंपाला बसू लागला. जमिनीखालच्या भोकाचं मात्र असं काही झालं नाही. या भोकात वीस फुटांवर काय होतं, ऐंशी फुटांवर काय होतं, हे सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहायचं आणि एकाच ठिकाणी ठेवायचं, असं काही सामान्य माणसापर्यंत आलंच नाही.

सरकारी पातळीवर काम झालं, हे कबूल केलं पाहिजे. १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. केंद्रीय भूमिजल मंडळही त्याच काळातलं. १९८१ साली १ मे रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. यंत्रणेनं गावोगावच्या काही विहिरी निरीक्षणासाठी निवडल्या. वर्षातून चार वेळा माणूस यायचा, टेप सोडायचा आणि पाण्याची पातळी वहीत लिहायचा. आमच्या लहानपणी त्याला आम्ही 'विहीर मोजणारा साहेब' म्हणायचो. साहेब कसला, सायकलवरून येणारा, घामानं भिजलेला माणूस. पण आज या जिल्ह्याच्या पाण्याबद्दल जे काही खात्रीनं बोलता येतं, ते त्याच्या त्या कंटाळवाण्या आकड्यांमुळं.

पुढं १९९५ साली जागतिक बँकेच्या मदतीनं जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्रही त्यात होता. वह्यांतले आकडे संगणकात घालायला सुरुवात झाली. अशा कामात खरी मेहनत कुठं असते, हे प्रूफं तपासणाऱ्याला विचारा. पातळी मोजली ती विहिरीच्या कठड्यापासून की जमिनीपासून? कठडा अडीच फूट असेल आणि ते लिहिलं नसेल, तर पाणी विनाकारण अडीच फूट खाली गेलेलं दिसतं. एकानं फुटात लिहिलं, दुसऱ्यानं मीटरमध्ये. जिल्ह्यात पिंपळगावं किती, टाकळ्या किती. नुसतं गावाचं नाव घातलं तर एकाची विहीर दुसऱ्याच्या खात्यावर जाते. आणि सर्वांत मोठा घोळ रिकाम्या रकान्याचा. रिकामा रकाना म्हणजे विहीर कोरडी होती, की त्या महिन्यात माणूस गेलाच नाही? कुणी तिथं शून्य घातलं तर संगणक म्हणणार, पाणी अगदी जमिनीला टेकलेलं! 'कोरडी', 'मोजली नाही' आणि 'शून्य' हे तीन वेगळे शब्द आहेत. त्यांची सरमिसळ झाली तर दुष्काळाचं वर्ष सुकाळाचं होऊन जातं.

खोलीचंही असंच. माझ्या शेतात गेरू साठ फुटांवर, तुमच्या शेतात नव्वद फुटांवर. वाटतं, थर कललाय. पण तुमचं शेत माझ्यापेक्षा तीस फूट उंच टेकाडावर असेल, तर गेरू एकाच पातळीत सपाट पसरलेला आहे. म्हणून प्रत्येक बोअरबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावी लागते. एवढी एक गोष्ट सुटली तर बाकीची मेहनत बहुतेक वाया जाते.

ही गोष्ट फक्त पाण्याची नाही. पूल, धरण, कारखाना, उंच इमारत, काहीही बांधायचं तर आधी जमीन तपासतात. भोक पाडून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पंचाहत्तर सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा टाकतात, आणि नळी तीस सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले ते मोजतात. त्यावरून मातीची ताकद ठरते. आमच्या जिल्ह्यातून मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला, त्यात जालना आलं. अशा कामात प्रत्येक पुलाखाली जमिनीत डोकावलं जातं. त्यातून निघालेला कागद ज्या कामासाठी केला, त्या कामाच्या फायलीत जातो. दहा वर्षांनी शेजारून दुसरा रस्ता निघाला, की पुन्हा तिथंच भोक.

इतर देशांनी यातून काय वाट काढली? ब्रिटननं १९२६ सालीच खाणींच्या कायद्यात घातलं, की शंभर फुटांहून खोल भोक पाडाल तर त्याची माहिती भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला द्यावी लागेल. आज तिथल्या संग्रहात दहा लाखांहून जास्त बोअरच्या नोंदी आहेत. १९९२ साली तिथल्या जमीन तपासणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे 'एजीएस'नं, नोंदी एकमेकांना देण्याची एकच पद्धत छापली. कोणत्या रकान्यात काय लिहायचं आणि कोणत्या मापात, हे सगळ्यांसाठी एक. एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्या, पण रकाने सारखे. म्हणजे अगदी आपल्या हातपंपासारखं! जपाननं २००८ साली सरकारी कामांतल्या बोअरच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या केल्या. नेदरलँड्समध्ये २०१८पासून असा कायदा आहे, की सरकारी कामातून मिळालेली जमिनीखालची माहिती एका सामायिक नोंदवहीत गेलीच पाहिजे.

आपल्याकडे काही नाही असं नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल बोअर घेतला. काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटरांवर संपला, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक निघाला. ज्या जमिनीला आपण 'दगडाची, पक्की' म्हणत होतो, तिच्या पोटात काय आहे हे पाहायला हजारो माणसं जावी लागली. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारनं भूवैज्ञानिक माहितीचा राष्ट्रीय संग्रह संगणकावर खुला केला. राज्याचा भूजल कायदा २००९चा, तो २०१४मध्ये अमलात आला. त्यात विहिरींची आणि बोअरच्या यंत्रांची नोंदणी आहे. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडून मरू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये सांगितलं, की किती बोअर घेतले, किती चालू, किती सोडून दिले, याची जिल्हावार नोंद ठेवा. २०२०नंतर अटल भूजल योजनेत आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांनी आपल्या पाण्याचा हिशेब स्वतः मांडला. आणि जालना तालुक्यातलं कडवंची तर सगळ्यांना माहीत आहे. पाणलोटाचं काम करून, पाण्याचा हिशेब ठेवून त्या गावानं द्राक्षं पिकवली.

म्हणजे कायदा आहे, कार्यालय आहे, संगणकही आहे. अडतं कुठं? माझ्या मते अडतं त्या धोंड्यापाशी. यशस्वी बोअर माणूस दाखवतो, अपयशी लपवतो. त्यामुळं जी माहिती गोळा होते ती एकाच बाजूची होते. सगळीकडे पाणीच पाणी! आणि ते ऐकून पुढचा माणूस कर्ज काढतो. बोअरची गाडी तमिळनाडूहून आलेली. ती पोरं रात्री भोक पाडतात, सकाळी पैसे घेतात, आणि शंभर कोसांवर निघून जातात. कुठल्या फुटाला काय लागलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ते ज्ञान त्या गाडीबरोबर जिल्ह्याबाहेर जातं, आणि पैसे मात्र आपण मोजलेले असतात.

तात्यांशी बोलणं झालं त्या हिवाळ्यात मी एक दोनशे पानी वही आणली. रकाने आखले. बोअर कुणाचा, गट नंबर, कोणत्या साली, किती फूट, कोणत्या फुटाला काय लागलं, पाणी किती, आज चालू की बंद. एका मास्तरांच्या मुलानं मोबाइलवरून अक्षांश-रेखांश काढून दिले. भाईजानला म्हटलं, "आपलीच तीन आधी लिहू." तो माझ्याकडं पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर बाग तोडली त्या दिवसाची कळा आली. मग म्हणाला, "लिही. आणि दुसऱ्यापुढं एक इंच लिहू नकोस. कोरडा लिही."

ते पान घेऊन मी तात्यांकडे गेलो. त्यांनी वाचायला लावलं, ऐकलं, आणि आपला बोअर सांगितला. एकशेऐंशी फुटांवर गेरू लागला होता, हेही त्यांना आठवत होतं. नंतर लोक येत गेले. सगळे नाही. अजूनही काहीजण म्हणतात, "शायर, ही वही तहसीलला तर जाणार नाही ना?" त्यांची भीती खोटी नाही. नोंद म्हटलं की गरीब माणसाला वसुली आठवते. ज्याची माहिती घ्यायची, त्याला तिचा उपयोग आधी दिसला पाहिजे. नाहीतर तो एक तर सांगणार नाही, किंवा खोटं सांगेल.

त्या वहीची प्रत आम्ही ग्रामपंचायतीत ठेवली, कारण माझ्या कपाटात राहिली तर तीही तात्यांच्या धोंड्याखालीच गेल्यासारखी झाली. गेल्या उन्हाळ्यात गावातला एक तरुण बोअर घ्यायला निघाला होता. गाडी ठरली होती, इसार दिला होता. सहज म्हणून वही बघायला आला. त्याच्या शेताभोवतीची सात भोकं आम्ही मांडली. पाच कोरडी, सगळी एकाच अंगाची. त्यानं इसार सोडला आणि तेवढ्या पैशात आजोबांची जुनी विहीर गाळ काढून बांधून घेतली. त्या विहिरीला किती पाणी येईल, हे पावसाच्या हाती. पण सहाशे फुटांचं कर्ज त्याच्या डोक्यावर आलं नाही.

मित्रहो, तुमच्याही शिवारात असे धोंडे असतील. शक्य झालं तर या आठवड्यात एखादा हलवून बघा. आधी भोक पक्कं बुजवा, लेकराचा पाय जाईल असं ठेवू नका. आणि बुजवण्याआधी मालकाला बसवून, चहा पाजून, विचारा: कोणत्या फुटाला काय लागलं होतं? तो सांगेल ते लिहून ठेवा. पाणी लागलं नाही, असं तो म्हणाला, तर तेही लिहा.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)